वेलीला म्हणाले

मी झाडांशी बोलते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. समोरची शिवणकामवाली तर घरी पाहुणे आले की त्यांना खिडकीशी आणते आणि म्हणते, बघा, आजींची शाळा भरली. भरली तर भरली. बोललं की झाडं जोमानं वाढतात असं लोक सांगतात, पण माझ्या झाडांकडे बघून कुणाला तसं वाटायचं नाही. माझा पुदिना इतकी वर्षं बोलणी खातोय आणि आहे तेवढाच आहे.

आता झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही म्हणून सांगते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बागेत उघडते आणि भांडी घासायचं सिंक नेमकं त्या खिडकीखाली आहे. मी वाफ्यात बसून पुदिन्याला म्हणायची, "उशिरा उठणाऱ्यांचं असंच व्हायचं, ऊन डोक्यावर येतं तरी डोळे उघडत नाहीत." की आतला नळ एकदम जोरात सुटायचा. टोमॅटोला म्हणायची, "चार दिवस सुट्टी मिळायचा अवकाश, लगेच काहींना माहेर दिसायला लागतं." टोमॅटोला कुठलं आलंय माहेर? पण आत एखादं भांडं जरा आपटल्यासारखं ठेवलं जायचं, आणि मला कळायचं की निरोप पोचला. सून कधी बाहेर येऊन विचारायची, "आई, काही म्हणालात का?" तेव्हा मी खुरपं हलवत म्हणायची, "तुला कुठे? पुदिन्याला म्हणाले."

हे मी कुणाकडून शिकले ते सांगायला नको. माझ्या सासूबाई भांड्यांशी बोलायच्या. कढई घासताना तिला विचारायच्या, "तुझ्या आईनं तुला काही शिकवलंच नाही का गं?" मी मागे उभी राहून ऐकायची आणि कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, आपण सून आणू तेव्हा असलं काही करायचं नाही. भांड्यांना मी खरोखरच आजवर एक शब्द बोललेली नाही.

तर त्या दिवशी सकाळी थंडी पहिल्यांदा जरा मागे सरली. माती हाताला अजून गार लागत होती, पण खुरपं आत जाऊ लागलं होतं. कांद्याच्या पातीनं टोकं वर काढली होती. मुलगा बस चालवतो, तो पहाटेच कामावर गेला होता. सूनबाई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करते, तीही गेली होती. नात शाळेत. घर हवेशीर व्हावं म्हणून स्वयंपाकघराची खिडकी मीच सताड उघडली, लोकरीची टोपी कानावर ओढली आणि मोठी कात्री घेऊन द्राक्षाच्या वेलीकडे गेले.

ही वेल मुलाच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. भिंतीभर पसरली, पण द्राक्ष म्हणून एक धरलं नाही. दरवर्षी मी म्हणायची, यंदा धरेल, आणि ती दरवर्षी पानं दाखवायची. छाटणी खरं तर कडाक्याच्या थंडीत उरकायला हवी होती. माझे गुडघे ऐकेनात म्हणून राहून गेलं, आणि तोवर वेलीत पाणी चढलं. कात्री लावली की कापल्या जागेतून टपटप गळायला लागली. माझं डोकंच फिरलं. घरात कुणी नाही म्हणून मी आवाजही आवरला नाही.

"किती वर्षं झाली गं तुला या घरात आणून?" मी म्हणाले. "खायला घातलं, प्यायला घातलं, उभं राहायला भिंत दिली. आणि तू काय दिलंस? नुसता पसारा. आता रडून कुणाला दाखवतेस? तुझ्या रडण्यानं मी विरघळणार नाही. फुकट बसून खायचे दिवस संपले म्हणावं. या वर्षी मुळासकट बाहेर काढते तुला आणि तुझ्या जागी दुसरी आणते. काळजी नको, बाजारात छप्पन्न मिळतात."

एवढं बोलून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? सुतळी आणायला म्हणून मी आत गेले, आणि सिंकपाशी सूनबाई उभी होती.

अंगात कोट तसाच होता. पर्स खांद्यावर. पाणी प्यायला म्हणून पेला हातात घेतला असावा, तो रिकामाच धरलेला होता. डोळे लाल आणि नाकाचा शेंडाही लाल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं, आई?"

"काय सांगितलं?"

"माझं काम गेलं ते. मालकानं दुकान विकलं. नवा मालक त्याची माणसं आणणार आहे. आम्हाला आज सकाळीच सांगितलं, मी अजून यांनासुद्धा कळवलेलं नाही." मग तिनं मान वर केली. "तुम्हाला इतक्यात कळलं कसं? आणि कळलं तर कळलं. निदान मला आत येऊन बसू तरी द्यायचं होतंत."

मी कात्री हातात घेऊन तशीच उभी. माझं बोलणं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत परत ऐकू आलं, आणि यावेळी मी खिडकीच्या आतल्या बाजूला होते. घरात आणून किती वर्षं झाली. फुकट बसून खायचे दिवस. रडून कुणाला दाखवतेस. दुसरी आणते. वेल ही मुळात बाईमाणूस. त्या भिंतीवर गुलाब असता तर "तो" म्हणाले असते आणि काही बिघडलं नसतं. पण आपल्या बोलण्यात वेलही "ती" आणि सूनही "ती", आणि इतकी वर्षं याच सोयीवर माझा सगळा कारभार चालला होता.

"अगं, मी वेलीला म्हणाले," मी म्हणाले.

आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडले ते थेट त्याच सुरात, पुदिन्याला म्हणाले, टोमॅटोला म्हणाले, असं सांगायच्या माझ्या ठरलेल्या सुरात. मला तो सूर बदलता येईना. खरं बोलत होते बाई मी, अक्षर न् अक्षर खरं, आणि ते खऱ्यासारखं कसं बोलतात ते मला येत नव्हतं.

"हो," सून म्हणाली. "तुम्ही नेहमी वेलीलाच म्हणता." तिनं पेला उपडा ठेवला, हळूच, आवाज न करता, आणि जिना चढून वर गेली.

मी खुर्चीवर बसले. लाज वाटणं मला काही नवीन नाही, माझ्या वयापर्यंत माणसाचं बरंच काही होऊन जातं. पण ही लाज वेगळी होती. ती पायांत उतरली. वर तिच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला आणि जड काहीतरी ओढल्याचा. बॅग. मला उठून वर जाता आलं असतं. मी उठून चहा ठेवला, तो उतू जाऊ दिला, मग ओटा पुसत बसले.

दुपारी मुलगा आला. तो वर जाऊन आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "ती बहिणीकडे चालली आहे. किती दिवस ते सांगत नाही. आई, तू तिला काय म्हणालीस?"

"मी वेलीला म्हणाले रे. तुझी शपथ. ती घरात आहे हेच मला माहीत नव्हतं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा ओरडला असता तर चाललं असतं. "आई," तो म्हणाला, "आजचा दिवस तरी हे नको."

म्हणजे यालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचा, मला वाटायचं याला बागेतलं काही कळत नाही. पुरुष माणूस, कशाला लक्ष देईल? त्याला टोमॅटोच्या माहेराचंसुद्धा ठाऊक होतं. आणि तो गप्प बसला, कारण आईला काय बोलायचं. माझ्या नवऱ्यानंही माझ्या वेळी हेच केलं होतं आणि मी त्याला त्याबद्दल शेवटपर्यंत माफ केलं नव्हतं. स्वतःच्या मुलाला मात्र मी तसंच घडवलं.

मग नात शाळेतून आली. तिची शाळा चालू, त्यामुळे ती आईबरोबर जाणार नव्हती. आई जातेय म्हटल्यावर तिनं दप्तर फेकलं, वर जाऊन आली, खाली आली आणि तरातरा बागेत गेली. मी मागचं दार लावायला गेले तर ती पुदिन्याच्या वाफ्याशी उकिडवी बसली होती. वर आईच्या खोलीची खिडकी उघडी होती. पोरीनं एक डोळा त्या खिडकीवर ठेवला आणि पुदिन्याला खणखणीत आवाजात म्हणाली, "जा ना. जायचं त्यांनी खुशाल जावं. इथे कुणाचं काही अडलेलं नाही."

सात वर्षांची पोर. माझाच हेल, माझंच मान वेळावणं, शेवटी सोडलेला तो उसासासुद्धा माझाच. मला बघितल्यावर लगेच म्हणाली, "आजी, मी पुदिन्याला म्हणाले हं."

वरची खिडकी कुणीतरी आतून लावून घेतली.

मी नातीला काही बोलले नाही. काय तोंडानं बोलणार होते? मी जिना चढले. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. सून पलंगावर बसून स्वेटरची घडी घालत होती, सोडत होती, परत घालत होती. मी आत गेले आणि उभीच राहिले, कारण बस म्हणायला तिनं तोंड उघडलं नाही.

"आजचं खरंच वेलीला होतं," मी म्हणाले. "तू विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवला नसता. तुझं काम गेलेलं मला माहीत नव्हतं आणि घरात कुणी नाही असं समजून मी बरळत होते. पण बाकीचं तुला होतं. उशिरा उठण्याचं तुला होतं. माहेराचं तुला होतं. कोबीला म्हणाले होते ना, नुसतं फुगायचं आणि आत काही नाही, तू बढती मिळाल्याचं सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी, तेही तुला होतं. सगळं तुलाच होतं. एकही शब्द झाडांना नव्हता."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा नाही हो आई म्हणेल, आणि माझी सुटका होईल. खरं सांगायचं तर मी त्या आशेनंच वर गेले होते.

तिनं स्वेटर बॅगेत ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण मी रोज भांडी घासताना स्वतःला सांगायची, आई झाडांनाच बोलतात, म्हाताऱ्या माणसांना असते सवय. असं म्हटलं की दिवस निघून जायचा. आज ते म्हणायला जमलं नाही, आणि नेमकं आजच ते खरं होतं."

मी तिच्या बॅगेची चेन लावायला हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे, मी लावते." बोलण्यात राग नव्हता, आणि रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मुलगा तिला सोडायला गेला. जाताना ती माझ्या पाया पडली नाही, येते असंही म्हणाली नाही. नातीचे केस सारखे केले आणि निघाली.

पुढचे दिवस मी बागेत गेले नाही. शिवणकामवालीनं दारात येऊन विचारलं, आजी, बरं नाही का, शाळा बंद दिसते. मी म्हटलं, सर्दी झालीय. नात जेवताना गप्प असायची. मुलगा बायकोचं नाव न घेता, तिच्या बहिणीकडे सगळं ठीक आहे एवढं सांगायचा. आणि मी वाक्यं जुळवत बसायची. तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं, पण प्रत्येक वाक्य तोंडाशी आलं की वाकडं व्हायचं. पोरगी वाट बघते. घर खायला उठतं. काही माणसं नसली की किंमत कळते. सगळी वाक्यं कुणाच्या तरी आडून.

रविवारी मुलगा नातीला घेऊन बाहेर गेला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसून फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलेल असं वाटेना.

"हॅलो," ती म्हणाली. "बोला, आई."

समोर भिंत होती आणि भिंतीवर काही नव्हतं.

"तू घरात नाहीस, ते मला आवडत नाही," मी म्हणाले.

तिच्या बहिणीकडे कुठेतरी रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बारीक केला. मला वाटलं, ठेवला वाटतं फोन.

"हे कुणाला म्हणताय?" तिनं विचारलं.

"तुला," मी म्हणाले.