ट्रंक पडलीच नाही

थोरलीनं बांधलेल्या गाडीतून आजवर सुईसुद्धा खाली पडली नव्हती. घरातली मोठी सून म्हणून सासरचे तिला थोरली म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून फळबागांवर काम करणारे सगळेच. एका बागेतली फळं तोडून झाली की दुसरी बाग, तिथलं आटोपलं की तिसरी, असं वर्षातून चार-पाच वेळा त्यांचं बिऱ्हाड हलायचं. नवऱ्याचा एक खोकणारा ट्रक होता. त्यात खाटा, गाद्या, भांडी, शिलाई मशीन, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यात वर गादीच्या गुंडाळीला टेकून सासूबाई, अशी ही वरात निघायची.

ट्रक भरायचं काम थोरलीचं. एरवी ती बोलायला मऊ, पण दोर हातात आला की नवऱ्यालाही जुमानायची नाही. "अहो, तो पाटा इकडे द्या. इकडे म्हणजे माझ्याकडे. आकाशाकडे नाही." शेजारच्या शेडमधल्या बायका आपलं सामान बांधायला तिलाच बोलवायच्या, आणि तीही जायची, कारण दुसऱ्याची ढिली गाठ दिसली की तिला घास गिळवत नसे.

त्या वर्षी बागेतली तोड संपली आणि पुढच्या बागेतली फळं अजून हिरवी होती. मधले दहा-बारा दिवस करायचं काय, म्हणून सगळे शेडपुढे बसलेले असताना सिनेमावाले आले. एका गाजलेल्या कादंबरीवर सिनेमा काढत होते. कादंबरी म्हणे शाळेतसुद्धा लावतात. जमीन कोरडी पडली म्हणून एक कुटुंब सगळं घर ट्रकवर घालून कामाच्या शोधात निघतं, अशी गोष्ट. मालकानं त्यांना बाग वापरायला दिली होती. मजुरांची गर्दी दाखवायला मजूर हवे होते, आणि मजूर तर समोरच बसले होते.

थोरलीला वाटलं, यात आपल्याला शिकण्यासारखं काही नाही. तिथंच ती फसली.

पहिल्याच दिवशी कपड्यांचं बघणाऱ्या बाईनं तिला नापास केलं. फोटो निघणार म्हणून थोरलीनं धुतलेले, घडी मोडलेले कपडे घातले होते.

"हे चालणार नाही," ती बाई म्हणाली. "तुम्ही मजूर वाटत नाही."

"मग काय वाटते?"

"मजुराची मावशी वाटता. जरा खात्यापित्या घरची."

मग त्यांनी तिच्या कपड्यांवर चहाचं पाणी शिंपडलं, कोपराला ब्लेडनं भोक पाडलं आणि गुडघ्यावर ठिगळ लावलं, तेही तिरकं. थोरलीनं जेवणाच्या सुट्टीत ते ठिगळ उसवून सरळ लावलं, कोपराचं भोक रफू केलं आणि चहाचे डाग साबण लावून काढले. दुपारी कपडेवाली बाई तिच्याकडे बघतच राहिली. "मी सकाळी यांना फाडलं होतं ना?" असं ती दोनदा स्वतःशीच म्हणाली.

सासूबाई मात्र बघताक्षणी पास झाल्या. त्या खाटेवर बसून दूर कुठंतरी टक लावून बघत होत्या. दिग्दर्शकानं छातीवर हात ठेवला. "हा चेहरा! सगळ्या पिढ्यांचं दुःख आहे या डोळ्यांत!" सासूबाई खरंतर चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या डोक्यावर होता. पण त्यांना ताबडतोब आजीची भूमिका मिळाली. ट्रकवर बसायचं आणि दोन प्रसंगांनंतर मरायचं.

"का म्हणून मरायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"कादंबरीत तसं आहे, आजी."

"कोणी लिहिलंय ते? त्याला माझ्यापुढे आणा."

लेखक तिथंच होते. पांढऱ्या भुवयांचे, कापडी खुर्चीत बसून दिवसभर शेंगदाणे खाणारे गृहस्थ. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि शेंगदाण्याची पुडी मुकाट्यानं पुढे केली.

तिसऱ्या दिवशी मोठा प्रसंग होता. कुटुंबाचा ट्रक वळणावर येतो, चाक खड्ड्यात आदळतं, वर ठेवलेली ट्रंक घसरून रस्त्यावर पडते, आतलं सगळं विखुरतं. घरातली आई, म्हणजे ती प्रसिद्ध नटी, खाली उतरून एकेक वस्तू गोळा करते आणि रडते. कादंबरीतलं हेच पान म्हणे लोकांना पाठ होतं. ट्रक थोरलीच्या नवऱ्याचाच घेतला होता, कारण एवढा थकलेला ट्रक सिनेमावाल्यांना दुसरीकडे मिळेना. चालवायलाही तोच.

ट्रक भरला मात्र त्यांच्या सामानवाल्यानं. तो शहरातून आलेला, गळ्यात मोजपट्टी अडकवलेला हुशार माणूस होता. त्यानं खुर्ची उलटी टांगली, कंदील बाहेर लोंबता सोडला, मडकी अगदी कडेला मांडली, आणि आरसा, चांगला मोठा आरसा, बाहेर तोंड करून उभा केला. दोर तर असा गुंडाळला होता, जसा कोणी मफलर गुंडाळतं.

थोरली गर्दीत उभी होती. तिनं मान फिरवली, पुन्हा बघितलं. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला घेरी येईल."

"सिनेमा आहे तो," नवरा म्हणाला. "खोटं असतं सगळं."

"दोर खरा आहे ना?"

तेवढ्यात चहा आला आणि सगळे चहाकडे पळाले. पंधरा मिनिटं ट्रकपाशी कोणी नव्हतं. थोरलीनं इकडेतिकडे पाहिलं आणि चप्पल काढून ती चाकावर पाय देऊन वर चढली.

चहा संपला. सगळे जागेवर आले. ट्रक लांबून आहे तसाच दिसत होता. सासूबाई वर चढून बसल्या. दिग्दर्शक ओरडला, ट्रक निघाला, वळणावर आला, आणि खड्ड्याला वळसा घालून अलगद पुढे गेला.

"खड्डा चुकवलात!" दिग्दर्शक धावत आला.

"हो ना," नवरा अभिमानानं म्हणाला. "ऐनवेळी दिसला."

दुसऱ्या खेपेला तो डोळे मिटून खड्ड्यात गेला. ट्रक आदळला. ट्रंक जागची हलली नाही. तिसऱ्या खेपेला वेग वाढवला. सासूबाई वर लाहीसारख्या उडाल्या आणि पुन्हा तिथंच बसल्या, पण ट्रंक नाही, मडकं नाही, कंदिलाची काचसुद्धा नाही. नटी बिचारी तीनदा रडायची तयारी करून तीनदा कोरडी परत गेली.

दिग्दर्शकानं सामानवाल्याला वर चढवलं. तो बराच वेळ वर होता. आधी त्याच्या कुरकुरण्याचा आवाज आला, मग नख तुटल्याचा, म्हणजे किंकाळीचा. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"ही गाठ माझी नाही," तो म्हणाला. "ही कुठल्या माणसाची गाठ आहे, तेच मला कळत नाही."

थोरलीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"साहेब, मी बांधली."

"तुम्ही? का?"

"बघवेना."

दिग्दर्शकानं डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले असावेत. मग तो फार गोड आवाजात म्हणाला, "ताई, ती ट्रंक पडायला हवी. पडण्यासाठीच आहे ती. तेवढी सोडाल का?"

थोरली चढली. ट्रंकेचा दोर सोडताना तिला कोणाच्या तरी मुलाला रस्त्यावर एकटं सोडल्यासारखं वाटलं. चौथ्या खेपेला ट्रक खड्ड्यात आदळला, ट्रंक घसरली, आणि सासूबाईंनी झेप घालून तिला मिठी मारली.

"आजी, सोडा!"

"का सोडू? पडेल ना ती!"

"पडू द्या!"

"डोकं फिरलंय का तुमचं? चांगली धडधाकट ट्रंक आहे!"

सासूबाईंना खाली उतरवून थोरलीच्या नवऱ्याशेजारी बसवलं. थोरलीला पुन्हा वर पाठवलं, सगळं सैल आहे ना ते बघून यायला. ती बघून आली. "आहे," म्हणाली. दिग्दर्शकानं नवऱ्याला सांगितलं, आता ट्रकाला होईल तेवढं पळवा, दयामाया नको.

नवऱ्यानं पळवला. ट्रक आयुष्यात पहिल्यांदाच न खोकता धावला. खड्ड्यात असा काही आदळला, की मागचा फाळका निखळून रस्त्यावर पडला, पाठोपाठ चाकावरचा पत्रा घरंगळत नटीच्या पायाशी येऊन थांबला, दिवा फुटला, दार उघडलं आणि सासूबाईंचा आवाज पार बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. ट्रकाचा निम्मा भाग रस्त्यावर होता. आणि त्या मोडक्या ट्रकावर ट्रंक, देवळाच्या कळसासारखी, ताठ उभी होती.

सगळ्यांच्या माना हळूहळू थोरलीकडे वळल्या.

"अगदी थोडंसं आवळलं, साहेब," ती रडवेली होऊन म्हणाली. "उतरता उतरता. हाताला कळलंच नाही."

तेवढ्यात कोणीतरी हसायला लागलं. लेखक! खुर्चीत मागे रेलून ते असे हसत होते की शेंगदाणे चहूकडे उडाले. डोळे पुसत ते उठले आणि थोरलीपाशी आले.

"बाई, एक सांगा. तुमच्या ट्रकातून कधीच काही पडलं नाही?"

"नाही."

"कधीच? इतक्या वर्षांत?"

"पडेल कसं? जे आहे ते एवढंसंच. ते कोणी पडू देईल का?" थोरलीनं डोक्याचा रुमाल सारखा केला. तिला बोलायचं नव्हतं, पण हा म्हातारा खरंच विचारत होता. "जे जायचं ते वाटेत जात नाही, दादा. ते आधीच जातं. घरातच. गाडीत जागा नसते ना. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्या आईनं दिलेलं कपाट दारातच ठेवून आले. तीनदा चढवलं, तीनदा उतरवलं. मग कोंबड्या घेतल्या."

"कपाट सोडून कोंबड्या?"

"कपाट अंडी देत नाही."

लेखक हसले नाहीत. त्यांनी एकदा ट्रंकेकडे पाहिलं. मग दिग्दर्शकाला म्हणाले, "मी आयुष्यात कधी ट्रक भरला नाही. म्हणून ट्रंक पाडली. खोडा ते पान."

"अहो, पण ते लोकांना पाठ आहे!"

"मग विसरतील."

दोघांचं दोन तास भांडण चाललं. तोवर नवरा आणि सामानवाला यांनी मिळून फाळका बसवला, आणि सामानवाल्यानं तेवढ्यात ती गाठ शिकून घेतली, निदान अर्धी.

दुसऱ्या दिवशी प्रसंग बदलला होता. आता कुटुंब निघायच्या तयारीत आहे. ट्रक गच्च भरलाय. ट्रंक काही केल्या बसत नाही. आई ती तीनदा चढवते, तीनदा उतरवते, शेवटी दारात ठेवते, आणि वळून बाकीच्या सामानाचा दोर आवळत राहते. नटीला गाठ यावी म्हणून थोरलीची शिकवणी लागली. नटी मन लावून शिकली. खुर्च्या बांधल्या, छत्र्या बांधल्या, एकदा तर डुलकी लागलेल्या मेकअपवाल्याला झाडाला बांधून ती जेवायला गेली. तरी जवळून दाखवायची वेळ आली तेव्हा तिचे हात अडखळले. मग दिग्दर्शकानं नटीच्या बाह्या थोरलीच्या हातांवर चढवल्या. तेवढे हात थोरलीचे.

थोरलीनं दोर ओढला तेव्हा तिला दारात ठेवलेल्या ट्रंकेकडे बघायचं नव्हतं. तरी तिनं एकदा बघितलं. चेहरा कॅमेऱ्यात नव्हता म्हणून बरं.

शेवटच्या दिवशी सासूबाई मेल्या. त्यांना सांगितलं होतं की एक उसासा टाकायचा आणि मान कलती करायची. त्यांनी उसासा टाकला, मग डोळे उघडून गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या मुलाला जेवत जा म्हणून सांगितलं, थोरलीच्या हातची भाजी हल्ली अळणी होते ही तक्रार नोंदवली, आणि चष्मा कोणाला द्यायचा यावर बोलायला लागल्या तेव्हा दिग्दर्शकानं हात जोडले. सातव्या खेपेला त्यांना खरोखरच झोप लागली. तेच सिनेमात घेतलं.

सिनेमा पडद्यावर आला तेव्हा हे सगळे चौथ्या बागेवर होते. जवळच्या गावात थिएटर होतं, दुपारचा खेळ होता. घरचे सगळे एका रांगेत बसले. नवऱ्याला गिअरचा आवाज खोटा वाटला आणि तो त्यानं शेजाऱ्यांना समजावून सांगितला. गाठीचा प्रसंग आला. पडद्यावर ते हात एवढे मोठे दिसले की थोरलीला स्वतःच्या नखातली माती दिसली. तिनं मांडीवरचे हात आत ओढून घेतले. थिएटरात कोणी हलत नव्हतं. ट्रंक दारात राहिली, ट्रक निघून गेला, आणि सबंध थिएटरभर नाकं ओढल्याचा आवाज झाला. त्या प्रसंगावर पुढे लोकांनी बरंच लिहिलं, अजूनही लिहितात. थोरलीला एवढंच दिसलं की सामानातून काही पडत नाहीये, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग आजी मेली. मागच्या रांगेतली एक बाई हुंदके देऊन रडायला लागली, ती सिनेमा संपून दिवे लागले तरी थांबेना. सासूबाईंना ते बघवलं नाही. त्या खुर्चीवरून मागे वळल्या आणि त्या बाईच्या गालाला हात लावला.

बाईनं वर पाहिलं आणि अशी किंचाळली की दारातला तिकीटवाला आत धावत आला.

"अगं, रडू नकोस," सासूबाई तिची समजूत घालत म्हणाल्या. "मी बरी आहे. फक्त गुडघे तेवढे दुखतात."