पाच वर्षांची बॅटरी

लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी सासरची जमीन पाहिली, विहीर पाहिली, दारातला ट्रॅक्टरही पाहिला. तो ट्रॅक्टर पुढे मलाच ढकलावा लागेल, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा. धाकटे दीर गोमटेशभावजी जन्मले त्या साली घेतलेला, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला. निपाणीची पोरं येतात, ‘अँटिक, अँटिक’ म्हणत त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतात. त्यांचं काय जातंय? त्यांना तो सुरू करायचा नसतो.

वाटणी झाली तेव्हा माझे यजमान पार्श्वनाथ आणि गोमटेशभावजी, दोघांनी पितळेच्या घागरीसुद्धा वाटून घेतल्या. बांधाच्या दोन हात जागेवरून असे भांडले की त्या दिवसापासून बोलणं बंद. दारं समोरासमोर, मधे अंगण आणि अंगणात हा ट्रॅक्टर. तेवढा सामाईक राहिला, कारण विकायला दोघंही तयार नाहीत.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली ही दोघं. पण ट्रॅक्टर कुरकुरून गप्प झाला की हे सीटवरून, कुणाचंही नाव न घेता, ओरडायचे, “ढकला रं!” आणि समोरच्या दारातून भावजी यायचे. एका मडगार्डला ते, दुसऱ्याला मी. अंगणाला उतार आहे, जरा गती आली की इंजिन धरायचं. मग भावजी हात झटकून घरी जायचे. कुणी कुणाशी एक शब्द बोलायचं नाही. ट्रॅक्टर भावजींना हवा असला तरी हाच प्रकार, फक्त सीटवर ते आणि मागे हे.

यंदा माझे गुडघे पार गेले. चटणी वाटायला पाटावर बसले की उठवत नाही. यांना म्हटलं, या खेपेला बॅटरी घ्यायला मी येणार. हे दरवेळी जुनी, दुरुस्त केलेली बॅटरी आणतात आणि ती चार महिन्यांत मान टाकते. मला वाटायचं, चिक्कूपणा, दुसरं काय.

निपाणीत भरमाचं बॅटरीचं दुकान आहे. मी तिथली सगळ्यांत थोराड बॅटरी दाखवली, तर तो हसला.

“आक्का, ती इन्व्हर्टरची. ती दिसभर हळूहळू करंट देती. ट्रॅक्टरला एका दमात जोर लागतोय.” मग त्यानं दुसरी पुढं ओढली. “ही घ्या, जाड प्लेटींची. तुमचा डायनामो जुना, हळू चार्ज करतोय, गाडी आठ-आठ दिस उभी. हिच्यात पाणी तेवढं बघत ऱ्हावा, पाच वर्षं बघाय नको. अण्णास्नी लई येळा सांगिटलं, ऐकत न्हाईत.”

“कशाला एवढी?” हे म्हणाले. “जुनीच चालंल.”

“ती चालंल, पर मी चालणार न्हाय,” मी म्हणाले. भरमानं मान खाली घातली आणि बॅटरी गाडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी यांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला. भावजी सवयीनं बाहेर पडले होते, बाह्या सारून अर्ध्या अंगणात आले होते. आवाज ऐकून थांबले. उगीच आभाळाकडं बघितलं आणि परत गेले. हे मात्र इंजिन चालू ठेवून बराच वेळ तसेच बसले होते. त्या दुपारी धड जेवलेसुद्धा नाहीत.

महिनाभर असंच चाललं. समोरचं दार उघडायचं, मिटायचं. हे घरात बारीकसारीक गोष्टीवरून चिडायचे. मला हळूहळू उमगलं, जुनी बॅटरी काही चिक्कूपणानं येत नव्हती, आणि वाईट वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुडघ्यांना आराम पडला होता, पण घरात जीव लागेना. बरं, जाऊन बोला म्हणावं, तर दोघांचीही तोंडं शिवलेली.

मग एके दिवशी उजाडताना मी सडा टाकायला दार उघडलं, तर ट्रॅक्टरपाशी भावजी. हातात पाना. माझ्या मनात पहिलं आलं ते चोरी. ओरडणारच होते. पण त्यांनी बॅटरीवरचा पत्रा उचलला, एक वायर सोडली, पत्रा होता तसा ठेवला आणि पाना खिशात घालून घरी गेले. बादली हातात तशीच धरून मी उभी राहिले.

ऊन वर आल्यावर हे बाहेर आले. चावी फिरवली. आवाजच नाही. उतरून पत्रा उचलला. सुटलेली वायर त्यांच्या डोळ्यांपुढं होती, दारातून मलाही दिसत होती. त्यांनी ती बोटानं हलवूनही पाहिली. मग पत्रा हलकेच खाली ठेवला, सीटवर चढले आणि महिनाभराचं साठवलेलं एकदम ओरडले, “ढकला रं!”

भावजी दारातच उभे होते.

मला असा संताप आला म्हणून सांगू! दोघांची डोकी पांढरी झाली. एक वायर सोडतोय, दुसरा बघून झाकतोय, आणि मरायचं कुणी, तर माझ्या गुडघ्यांनी. ‘वायर सुटलीय’ एवढंच म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. ते गिळले, पदर खोचला आणि मडगार्डला खांदा लावला.

पलीकडून भावजींनी माझ्याकडं पाहिलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले.

“वैनी, तुमी सरा बाजूला. गुडघं दुखत्यात तुमचं. मी ढकलतो एकटा.”

सीटवर यांची पाठ ताठ झाली. पण यांनी मागं वळून पाहिलं नाही.

“गप ढकला, भावजी,” मी म्हणाले. डोळे भरून आले होते आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.