माझा माधवनगरी घोटा

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. पण मला भंगार म्हणाल तर याद राखा! माझ्या रंगाला पोपडे आले आहेत, एक दिवा कुणीतरी केव्हाच काढून नेला आहे आणि शेडमधल्या कोंबड्या माझ्या मागच्या फळ्यांवर खुशाल अंडी घालतात. घालू देत. म्हातारपण कुणाला चुकले आहे? पण जिला बघायला अख्खे माधवनगर तोंडात बोट घालून उभे राहायचे, ती मीच. हे सांगताना माझी छाती अजूनही फुगते.

मी साधीसुधी मोटार नव्हे. मी विजेवर चालणारी. माझा जन्म विलायतेतला. माझ्या पोटात पेट्रोलची टाकी नाही, बॅटऱ्यांच्या जड पेट्या आहेत. इथल्या कापड गिरणीचे मालक धरणेंद्रअण्णा यांनी मला मुद्दाम बोटीने मागवले. अण्णा जैन, पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारे. गिरणीतल्या कापडाच्या गाठी तेव्हा बैलगाड्यांनी मिरज स्टेशनवर जात. चढावर बैलांना पराणी टोचलेली अण्णांना बघवत नसे. म्हणून मी आले. गिरणीच्या वीजघरात माझ्या बॅटऱ्या भरायच्या आणि मी गाठी घेऊन मिरजेची वाट धरायची. ना धूर, ना फटफट. आवाजच नाही म्हणून बाजारातली माणसे बाजूला होईनात, तेव्हा माझ्या ड्रायव्हरने माझ्या पुढे बैलाची घुंगरमाळ बांधली. विलायतेची लेक मी, पण ती माळ मला शोभली हो!

माझा हा ड्रायव्हर म्हणजे केरबा. आधी तो गिरणीच्याच गाठी आपल्या बैलगाडीने वाहायचा. अण्णांनी त्याला मोटार शिकवली आणि त्याने बैल विकले, तरी जिभेवरचे बैल काही गेले नाहीत. पहिल्याच आठवड्यात ब्रेकवर पाय द्यायचे सोडून तो "हो, हो, हो" म्हणत राहिला आणि आम्ही दोघे सरळ कडब्याच्या गंजीत घुसलो. पण माया म्हणाल तर त्याचीच. रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारल्याशिवाय तो वर चढत नसे.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. सांगलीच्या मोठमोठ्या मोटारी दाराशी उभ्या राहिल्या. काहींनी पाठीवर कोळशाची भट्टी बांधली आणि त्या खोकत खोकत चालू लागल्या. मी मात्र पूर्वीसारखीच ताठ! गिरणीत तेव्हा जखमांवर बांधायचे पांढरे कापड विणले जात होते आणि ते रोज मिरजेच्या गाडीवर चढवणारी मी एकटी. साताऱ्याकडच्या पोरांच्या जखमांना मी पोचवलेले कापड बांधले जात होते, मित्रांनो. याहून मोठा मान कुठल्या मोटारीला मिळाला असेल?

आता माझ्या दुखण्याची गोष्ट सांगते. माणसाच्या पायाला घोटा असतो ना, तसा माझ्या पुढच्या प्रत्येक चाकालाही एक पोलादी घोटा आहे. चाक त्याच्यावरच फिरते, आणि ड्रायव्हरने सुकाणू फिरवले की घोटा एका उभ्या खिळीभोवती वळतो, म्हणून चाकही वळते. घोटा मोडला तर चाक निसटते, आणि मग गाडी कुठे जाईल ते देव जाणे.

त्रेचाळीस सालातल्या एका सोमवारी, रेल्वेच्या फाटकाजवळ, माझे पुढचे डावे चाक लटपटू लागले. केरबाने मला जागच्या जागी थांबवले. चार माणसांनी ढकलत मला गिरणीत आणले. गिरणीत तेव्हा आकाराम हवालदार फिटर होता. मूळचा साताऱ्याकडच्या मेढ्याचा; मिसरच्या वाळवंटात फौजेच्या मोटारी दुरुस्त करता करता गुडघ्यात गोळी लागली आणि घरी परतला. बोलणे फटकळ, पण हाताला यश. त्याने मला लाकडी ठोकळ्यांवर उचलले. चाकाची मोठी चाकी, म्हणजे नट, सोडवायला तिघे जण पान्याला लोंबकळले, तरी ती तसूभर हलेना. आकाराम मजा बघत बसला आणि मग म्हणाला की डाव्या चाकाची चाकी उलटी सुटते. त्याने पाना दुसऱ्या बाजूला ओढला आणि ती एका झटक्यात सुटली.

घोट्यातली उभी खीळ मात्र सुटता सुटेना. स्टोव्हसारख्या फुरफुरणाऱ्या दिव्याच्या जाळाने शेकली, मोठ्या हातोड्याने ठोकली, तेव्हा कुठे ती बाहेर आली. आकारामने घोटा रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि वर खडूची भुकटी भुरभुरली. बघता बघता पांढऱ्या भुकटीत केसासारखी काळी रेघ उमटली. चीर! चिरेत लपलेले रॉकेल बाहेर येऊन चहाडी करत होते. अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या तर माझे चाक रस्त्यात निखळले असते.

चीर का पडली, तेही लगेच कळले. खिळीभोवती ताग ठासून भरलेला होता, जळून काळा कुळकुळीत झालेला. ग्रीस आत जायची वाटच बंद झाली होती. कोरडी खीळ आवळत गेली आणि सगळा ताण घोट्यावर आला. अण्णा खाली वाकले, त्यांनी तो ताग बघितला आणि आकारामकडे वळले. माझे तेलपाणी बघणे त्याचेच काम होते. अण्णा आवाज न चढवता म्हणाले, की फौजेत असे चालत असेल, माझ्या गिरणीत चालणार नाही.

केरबा माझ्या सुकाणूजवळ उभा होता. गप्प बसला असता तर निभावले असते हो त्याचे. पण नाही बसला.

"अण्णा, हवालदाराला बोलू नगासा," तो म्हणाला. "त्यो ताग म्या भरलाय. करंजेलात भिजवून. चाक वळताना करकरायचं, मला ऐकवंना. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात, आसंभवती, आमी असाच भरतो."

आकाराम भडकलाच. माझ्या घोट्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक आहे, त्यातूनच ग्रीस आत जाते, आणि त्या भोकालाच केरबाने बूच मारले, असे तो तावातावाने सांगत राहिला. केरबा मान खाली घालून ऐकत होता. मला इतके वाईट वाटले म्हणून सांगू! ज्याने मला दुखवले त्याच्याइतकी माझी काळजी दुसऱ्या कुणी केलीच नव्हती.

विलायतेहून नवा घोटा येणे शक्य नव्हते. बोटी येताजाता बुडत होत्या. त्यातच लढाईसाठी सरकार पडीक लोखंड गोळा करत होते.

अण्णांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "शनिवारी सरकारी माणूस पडीक लोखंडाची यादी करायला येतोय. तवर ही सोताच्या चाकांवर, भरल्या मालानिशी गिरणीच्या फाटकाभाईर गेली, तर ही गाडी. न्हाई गेली, तर लोखंड. आणि लोखंडाला डायव्हर लागत न्हाई, केरबा."

झाले! माझे मरण आणि केरबाची भाकरी एकाच दिवसावर आली. आकारामचा राग एव्हाना उतरला होता. चांगले चिवट लोखंड मिळाले तर इथेच घोटा घडवू, असे तो म्हणाला. पण लढाईच्या दिवसांत तसले लोखंड आणायचे कुठून?

मंगळवारी सकाळी केरबा आणि त्याची बायको साळूबाई फाटकातून आत आले. दोघांच्या खांद्यावर मिळून एक लांब लोखंडी दांडा होता. त्यांच्या बैलगाडीची आस, दोन चाकांना जोडणारी! बैल विकले तरी केरबाने गाडी राखून ठेवली होती, मोटारीचे काही बिनसले तर पुन्हा जुंपता येईल म्हणून. तीच गाडी त्याने रात्री मोडली होती. अण्णांनी विचारले, की हे जमले नाही तर मग काय करणार? साळूबाईने पदर नीट केला.

"आवं अण्णा, वाट ठेवली की मानूस मागं फिरतोय," ती म्हणाली. "आता मागं जायाला गाडीच न्हाई आमची."

आस मधोमध कापली. जुना घोटा समोर ठेवून आकाराम आणि गिरणीचा लोहार नानासो यांनी पहिला तुकडा भट्टीत घातला. केरबा भाता ओढत होता. लाल झालेले लोखंड त्यांनी पाण्यात विझवले नाही, राखेत पुरून हळूहळू निवू दिले, नाहीतर ते ठिसूळ होते. मग ते लेथवर चढले. गुरुवारी खिळीचे भोक पाडले आणि आकारामने कपाळावर हात मारला. भोक सुताएवढे तिरपे गेले होते. त्या घोट्यावर माझे चाक आयुष्यभर लंगडले असते. तीन दिवस पाण्यात!

उरला तो आसेचा दुसरा अर्धा. तोही चुकला असता तर पुढे काहीच नव्हते. पण त्या माणसांनी हाय खाल्ली नाही. गुरुवारी दुपारीच भट्टी पुन्हा पेटली. आकाराम दर घासणीला माप घ्यायचा, पुन्हा घ्यायचा, आणि कुणी बोलायला लागले तर डोळे वटारायचा. शनिवारी सकाळी नवा घोटा माझ्या पायात बसला. खीळ जागेवर गेली, पाचर ठोकली, चाक चढले. आकारामने ग्रीसची पिचकारी केरबाच्या हातात दिली आणि नुसते "घाल" म्हणाला. खालून स्वच्छ ग्रीस डोकावेपर्यंत केरबा ते घालत राहिला.

गाठी भरल्या. सरकारी माणूस वही घेऊन फाटकाशी उभा होता. केरबा वर चढेना. आकारामला तो म्हणाला, "तूच ने गड्या. म्या हिचा पाय घालवला."

आकाराम लंगडत पुढे आला आणि माझ्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर, बरोबर नव्या घोट्याच्या डोक्यावर, पाय खाली सोडून बसला.

"घोटा म्या केलाय," तो म्हणाला. "मोडला तर आदी म्या पडंन. चल, हाक."

मित्रांनो, मी पुष्कळ शहाणी माणसे बघितली, पण आपल्या कामाची अशी हमी देणारा दुसरा नाही बघितला. केरबा वर चढला. अण्णांनी एकदा आकारामकडे पाहिले, धोतराचा सोगा सावरला आणि तेही केरबाशेजारी येऊन बसले. आम्ही निघालो. फाटकाच्या तोंडाशी पावसाच्या पाण्याने खणलेली खोल चारी आहे. माझे डावे चाक त्यात धाडकन उतरले. सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि चाक तसेच्या तसे, सरळ, वर आले! सरकारी माणसाने वहीतली एक ओळ खोडली. मिरज येईपर्यंत आकाराम त्या पत्र्यावरून उतरला नाही. स्टेशनात गाठी उतरल्यावर केरबा माझ्या सुकाणूवर डोके टेकून ढसाढसा रडला, आणि आकाराम दुसरीकडे तोंड करून उगाचच चाकाची धूळ पुसत बसला.

लढाई संपल्यावर विलायतेहून नवाकोरा घोटा आला, तेलकट कागदात गुंडाळलेला. आकारामने माझी खीळ काढून मोजली. झीज जवळजवळ नव्हतीच. अण्णा म्हणाले, राहू दे आपलाच. तो विलायती घोटा अजून खोक्यातच आहे.

पुढे पेट्रोल मुबलक झाले, नव्या लॉऱ्या आल्या, माझ्या बॅटऱ्या थकल्या आणि मी या शेडमध्ये आले. आता कुणी फारसे फिरकत नाही. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण केरबा दर अमावस्येला ग्रीसची पिचकारी घेऊन येतो. न चालणाऱ्या गाडीला कशाला, असे लोक त्याला हसतात. तो घोट्याचे भोक पुसतो आणि ग्रीस घालतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, रहाट असेल, शिवणयंत्र असेल, त्यावर माया जरूर करा; पण आधी त्याला काय हवे ते जाणत्या माणसाला विचारा. आणि कधी माधवनगरला आलात तर मला भेटा. कोंबड्यांना हाकला, माझ्या सुकाणूला एक बोट लावा, नुसते एकच, आणि बघा माझे डावे चाक कसे लोण्यासारखे वळते ते!