हावऱ्याला भेटायला

लोकांना खोटं बोलायचंय ना, खुशाल बोलावं. पण माझ्या पत्त्यावर बोलू नये. मी सुटका केलेल्या जनावरांचा निवारा चालवते. कत्तलखान्याच्या गाडीतून उतरवलेल्या शेळ्या, अंडी थांबली म्हणून टाकून दिलेल्या कोंबड्या, गुडघ्यांनी बेजार झालेली एक म्हातारी डुकरीण, असा आमचा संसार. दर रविवारी फाटक उघडं असतं. लोक येतात, मी त्यांना हिंडवते, दूध, अंडी, मटण यांच्यावाचून माणूस कसा मजेत जगतो ते सांगते, ओटच्या दुधाची कॉफी पाजते. कोणीतरी हमखास विचारतं, पण चीज तरी चालत असेल ना? मी हसून उत्तर देते. एवढा संयम माझ्यात आहे. घरच्यांचा त्यावर विश्वास नाही, ही गोष्ट वेगळी.

पण एक प्रकार मला अजिबात खपत नाही. घरातलं कोंबडं कापायचं, पोटभर जेवायचं, आणि पोरं रडायला लागली की सांगायचं, अरे, त्याला निवाऱ्यात सोडलं, तिकडे ते मजेत आहे. मागे एक शिंपी आपल्या मुलाला घेऊन आला आणि त्याच्या डोक्यावरून मला डोळे मिचकावत म्हणाला, आमची बदकं दाखवा. कसली बदकं? कधी आली? तो आपला डोळे मिचकावतोय. मला आधी वाटलं, बिचाऱ्याच्या डोळ्यात कचरा गेला.

म्हणून बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही माझी धाकटी, एकुलती एक बहीण. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, वर्षापूर्वी बकरीचं एक पिल्लू आणून परसात बांधलं होतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने त्या बोकडाला बाटलीने दूध पाजून वाढवलं. हावऱ्या हे नाव तिनेच ठेवलं, कारण आल्या आल्या त्याने तिच्या बुटाची नाडी, खोडरबर आणि गणिताच्या पुस्तकाचा कोपरा फस्त केला होता. गणिताबद्दल तिची काही तक्रार नव्हती. त्याच्या खोड्या मला फोनवर सांगताना पोरगी श्वास घ्यायला थांबायची नाही. मी बहिणीला तेव्हाच विचारलं होतं, हा बोकड आणलाय कशासाठी? अगं, पोरीला खेळायला, असं म्हणाली होती.

आणि आता सांगत होती की यांना बढती मिळाली, ऑफिसची माणसं जेवायला बोलावली, आणि मग पुढचं काय सांगू ताई. सांगायचं राहिलं होतं काय? पोरगी शाळेत असताना उरकलं सगळं. घरी आल्यावर तिला म्हणाले, हावऱ्याला मावशीकडे नेऊन सोडलं, तिकडे त्याला भरपूर मित्र आहेत. रात्री तीही सगळ्यांबरोबर जेवली. महिना झाला, रोज उठून विचारतेय, मावशीकडे कधी जायचं? महिनाभर भाचीचा मला फोन का नाही, तेही मग कळलं. तिला फोनच लावू देत नव्हते. तर ताई, तुझ्याकडे एवढ्या बकऱ्या आहेत, त्यातलाच एखादा दाखव ना. मोठं होताना जनावर बदलतं, असं आम्ही तिला सांगून ठेवलंय.

मी नाही म्हटलं. चांगलं ओरडून म्हटलं. माझ्याकडच्या जिवाला तुम्ही कापलेल्याचं नाव मी लावणार नाही. आधी पोरीला जवळ घेऊन खरं सांग, मग इकडे आण, मी तिला दिवसभर कुशीत घेऊन बसेन. बहीण रडली, तुझ्या जिभेला हाड म्हणून नाही, असं म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

कसला संपतोय! रविवारी तिघंही दारात हजर. मी गोठ्यात एका शेळीची खुरं कापत होते, तिचा पाय माझ्या गुडघ्यांत, त्यामुळे जागेवरून हलताही येईना. भाचीच्या हातात गाजरांची पिशवी होती. पायात बिननाडीचे बूट होते, आणि ते मुद्दाम घातलेत हे तिने मला लांबूनच ओरडून सांगितलं. बहीण माझी नजर चुकवत होती. जावईबापू मात्र ऐटीत पुढे आले, गव्हाणीशी उभ्या असलेल्या एका दाढीवालीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तो बघ तुझा हावऱ्या, कसा बघतोय तुझ्याकडे!

पोरगी धावत गेली. मग थांबली, वाकली, खालून नीट बघितलं.

"बाबा, ही शेळी आहे."

एवढी लाज वाटली मला त्या माणसाची! वर्षभर दाराशी एक जीव बांधून ठेवला आणि त्याच्याकडे एकदा धड बघितलं नाही. दाढी दिसली, झाला बोकड. वर पुन्हा म्हणतात, मग तो पलीकडचा असेल, काळा. हावऱ्या तांबडा होता हे मला फोनवरून ठाऊक होतं. पोरीने पलीकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ माझ्याकडे आली.

"मावशी, हावऱ्या इथे आला होता का?"

तिच्यामागे बहीण मानेनेच मला नको नको म्हणत होती.

"नाही गं," मी म्हणाले. "तो इथे कधीच आला नाही."

झालं, जावईबापू भडकले. लहान पोरीशी असं बोलतात का, तुम्हाला जनावरांचा पुळका आणि माणसांची काडीची किंमत नाही, एकदा हो म्हटलं असतंत तर तुमचं काय बिघडलं असतं. माझ्याच गोठ्यात उभं राहून मलाच शहाणपणा! मी शेळीचा पाय सोडला आणि उठले. मला संतापाने समोरचं दिसेना.

"खरं ऐकायला ती लहान होय? मग हावऱ्याला तिच्या ताटात वाढलंत तेव्हा ती मोठी होती का?"

तोंडातून गेलं ते गेलं. बहिणीने तोंडावर हात ठेवला. एवढा वेळ मला त्या दोघांचा राग येत होता, आता स्वतःचा इतका आला की जीभ हासडून टाकावीशी वाटली. ते वाक्य मला जावईबापूंना मारायचं होतं. लागलं भलतीलाच.

"मी पण खाल्लं?" भाचीने विचारलं.

जावईबापू लगेच म्हणाले, छे छे, मावशी रागाच्या भरात काहीही बोलते. पोरीने त्यांच्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. ती माझ्याकडेच बघत होती, कारण आमच्या सगळ्यांत मीच एक खरं बोलणारी होते ना.

"नाही बाळा," मी म्हणाले. "तू नाही खाल्लंस. मी आपलं रागात बोलले."

"पण मावशी," ती म्हणाली, "मी अजून मागितलं होतं."