चारही पाय उजवे

आमच्या शाळेत नोकरीला लागलं की पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवावं लागतं. मग प्राणी, पक्षी, किडा, झाड, जे आपल्याला शोभेल ते नाव घ्यायचं आणि मुलांनी त्याच नावाने हाक मारायची. शोभेल ते म्हणजे बाकीच्यांच्या मते शोभेल ते. मी मोठ्या ऐटीत 'गरुड' असं सांगितलं होतं. आमच्या मुख्य बाईंना सगळे घारबाई म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'साळिंदर'. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता घरी बायकोसुद्धा तेच म्हणते, आणि म्हणताना तिला फारच आनंद होतो.

शाळा म्हणजे तरी काय, झाडीच्या कडेला चार लाकडी खोल्या, एक स्वयंपाकघर, हाडं-पिसं-कवट्यांनी भरलेली एक खोली आणि खालून वाहणारा ओढा. दर सोमवारी शहरातल्या एखाद्या शाळेची बस दहा-अकरा वर्षांची तीस पोरं आमच्या अंगणात ओतते आणि शुक्रवारी दुपारी, चिखलासकट, परत घेऊन जाते. मधल्या दिवसांत कुणी त्यांना माती शिकवतं, कुणी झाडं. माझ्याकडे ओढा. दगड उचला, खालचे किडे मोजा, पाण्याचं तापमान घ्या, काठावरचे ठसे पाहा, आणि जे दिसेल ते वहीत लिहा.

या वहीत माझा जीव अडकलेला आहे. वर्षाला एक, अशा एकोणीस वह्या. सगळ्या मुलांच्या हातच्या. काय दिसलं, किती, केवढं, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात 'तपासले' म्हणून माझी सही. नियम एकच: दिसलं तेवढंच लिहायचं. एका पोराला गवतात शिरणाऱ्या बेडकाचा नुसता पाय दिसला होता आणि त्याने लिहिलं, 'बेडूक, एक'. मी म्हटलं, "पाय दिसला ना? मग पाय लिही." ते पोर रडलं. मला वाईट वाटलं, पण वहीत आजही पायच आहे.

यंदा नदी कार्यालय सगळ्या नदीचा नवा नकाशा करत होतं. कुठे काय जगतं, कुठे काय संपलं, त्याचा. आमच्या एकोणीस वह्या त्यात घ्याव्यात म्हणून मी तीन वर्षं त्यांच्यामागे हात धुऊन लागलो होतो. शेवटी तिथल्या एक अधिकारी बाई येऊन वह्या चाळून गेल्या. "मुलांनीच लिहिलंय हो सगळं," त्या म्हणाल्या. माझे काटे उभे राहिले. "म्हणूनच खरं आहे," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "बघू. या सत्रात दर महिन्याच्या पानांच्या प्रती पाठवत राहा. मग ठरवू."

आणि नेमकी त्याच सत्रात ती मुलगी आली.

तिला मी मनातल्या मनात 'उसासा' म्हणायचो, कारण दगड उचलायला सांगितला की ती आधी उसासा टाकायची. सोमवारी तिने जाहीर केलं की इथे काहीच नसतं. मंगळवारी तिच्या दगडाखाली खरंच काही नव्हतं. बुधवारी बाकीच्यांना खंड्या दिसला तेव्हा ती बुटाची नाडी बांधत होती. गुरुवारी संध्याकाळी ती काठावर बसली होती. चिडलेली नव्हती, आणि तेच मला लागलं. "सर, तुम्ही उगाच वाईट वाटून घेऊ नका," ती मलाच समजावत म्हणाली. "मला कधीच काही दिसत नाही. घरीपण असंच असतं."

आता सांगा, माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने झोपावं. मी शुक्रवारी उजाडता उजाडता हाडांच्या खोलीतला खण उघडला. त्यात आम्ही प्राण्यांच्या ठशांत प्लास्टर ओतून काढलेले पाय ठेवतो. पाणमांजराचा पाय फार जुना, माझ्याही आधीचा. तो घेऊन ओढ्याच्या वळणावर गेलो आणि ओल्या चिखलात चार वेळा नीट दाबला. पाच बोटं, मधली कातडीसुद्धा उमटली. काम इतकं सुबक झालं होतं की मी जरा वेळ उभा राहून स्वतःचंच कौतुक केलं.

पाय धुवायला स्वयंपाकघरात शिरलो तर मुंगीताई आधीच उठलेल्या. मुंगीताई आमच्या स्वयंपाकीण. अंगाने भक्कम, पण बसलेल्या कधी दिसायच्या नाहीत, म्हणून मुंगी.

"माझ्या सिंकमध्ये काय धुताय ते?"

"पाय."

"कुणाचा?"

"पाणमांजराचा."

त्यांनी पावाची लादी खाली ठेवली. "सर, तुम्ही माणूस बरे आहात, पण तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही. ज्याला सवय नसते ना, त्याने करू नये. सवयीचा माणूस निदान निस्तरतो तरी."

मी त्यांना म्हणालो की यात खोटं बोलण्यासारखं काही नाही, मी कुठे काही बोलणार आहे? आणि नऊ वाजता मी मुद्दाम उसासाला वळणावर पाठवलं, एकटीला.

तिची किंकाळी मुंगीताईंना चुलीपाशी ऐकू आली. सगळी धावत गेलो. ती चिखलात गुडघे टेकून बसली होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. "मागे! मागे व्हा! पायाखाली तुडवाल!" मग तिने पट्टी मागितली. पाऊण तास ती तिथे होती. चारही ठसे मोजले, चारही काढले, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिले. निघायच्या वेळी बसमध्ये चढता चढता वही माझ्या हातात दिली, तेव्हा तिच्या कपाळावर चिखल होता आणि ती अजून काहीतरी बोलत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी चित्र पाहिलं, माप पाहिलं, 'तपासले' खाली सही ठोकली आणि हात हलवला. खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

महिनाअखेरीस पानांच्या प्रती पाठवल्या, त्यांत तिचंही पान गेलं. पाच आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, नदी कार्यालयातून फोन आला. त्याच बाई.

"तुमच्या प्रती पाहिल्या. पाणमांजर म्हणे. या नदीत तीस वर्षांत नोंद नाही."

"हो," मी म्हणालो.

"शेराही वाचला. तुमची सही आहे खाली, म्हणजे तुम्हीही वाचला असेलच."

"हो हो. वाचला की."

"छान. बुधवारी येते. त्या मुलीलाही घरी फोन करून बोलावलंय, तिच्या आत्या घेऊन येणार आहेत. जागेवरच बोलू."

फोन ठेवला आणि वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात, अगदी बारीक अक्षरात, रकान्याबाहेर जाऊन समासात वळून, लिहिलं होतं: 'चारही ठसे बरोब्बर सारखे. साडेसहा सेंटिमीटर. लहान बोट चारही ठशांत डावीकडेच आहे, म्हणजे चारही पाय उजवे. डावा कुठे गेला? प्राणी लंगडी घालत होता का? सर, कृपया उत्तर द्या.'

मी खुर्चीत बसलो. एकोणीस वर्षं मुलांना ठशांतला डावा-उजवा ओळखायला मीच शिकवत आलोय. सोमवारी दुपारचा तास, अंगठ्याकडचं लहान बोट कुठल्या बाजूला ते पाहा, हे माझंच वाक्य. आणि खणात पाय एकच होता, उजवा. तो चार वेळा दाबताना माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

घारबाई अंगणात ओले बूट उन्हात मांडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकही बूट खाली न ठेवता ऐकलं. मला वाटलं आता झाडतील. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बूट खाली ठेवावे लागले.

"लंगडी!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा लावला. "पण तू त्या बाईंना फोनवर 'वाचला' म्हणालास. ते हसण्यासारखं नाही."

"नाही."

"एक नोंद खोटी निघाली तर त्या एकोणीसही बाजूला ठेवतील. मीही ठेवल्या असत्या."

"माहीत आहे, बाई."

"मग बुधवारी मी सांगू की तू?"

"मीच सांगतो. पण वह्यांचं मला इतकं..." मी एक ओला बूट उचलून उगाच उलटा केला. "ती मुलगी म्हणाली होती, मला कधीच काही दिसत नाही. तिला मी काय सांगू?"

घारबाईंनी पुन्हा बूट उचलले. "काय ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या, पण हळू आवाजात.

बुधवारी दहा वाजता आम्ही सगळे वळणावर होतो. अधिकारी बाई, खांद्याला मोठी पिशवी. उसासा, नव्या बुटांत. तिची आत्या, जी चिखलाकडे असं बघत होती की जणू तो आपल्यावर उडी मारणार आहे. घारबाई. आणि काही कारण नसताना, हातात झारा घेऊन, मुंगीताई.

"हे बघा, इथेच!" उसासाने जागा दाखवली. "पहिला इथे, दुसरा इथे. आता पुसलेत. मॅडम, मी घरी अंगणात लंगडी घालून पाहिली. चार पायांच्या प्राण्याला ती येणारच नाही. एकच पाय टेकवायचा तर बाकीचे तीन वर धरायला लागतील! मी आत्यालापण विचारलं."

"मला विचारलं, मी काय सांगणार?" आत्या म्हणाली.

अधिकारी बाई माझ्याकडे पाहत होत्या. मला कळलं, की यांना शेरा वाचला तेव्हापासूनच सगळं ठाऊक आहे. मी तयार केलेलं भाषण होतं, त्यातलं एक वाक्यही आठवेना. मी मुलीसमोर खाली बसलो, गुडघे कुरकुरले.

"ते ठसे मी केले," मी म्हणालो. "प्लास्टरचा पाय होता. एकच होता. तुला काहीतरी दिसावं म्हणून केले. पाणमांजर नव्हतं. आणि तुझा शेरा मी वाचलाच नाही. न वाचता सही केली. बाईंना फोनवर वाचला म्हणालो, तेही खोटं."

मी धाडस करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रागाने लाल झाली होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं!" ती ओरडली. "मी पाच आठवडे विचार करतेय! वर्गात सगळे म्हणाले, तू चुकीचं मोजलंस. आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू चित्र नीट काढलं नसशील. मी नीट काढलं होतं!"

"अगदी नीट काढलं होतंस."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"चुकलो," मी म्हणालो. अंगावरचे सगळे काटे गळून पडल्यासारखं झालं होतं.

अधिकारी बाईंनी घसा साफ केला. "सर, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण तुम्हाला माझी अडचण कळते ना? तपासणाऱ्याची सही अशी असेल तर बाकीच्या पानांचं मी काय करू?"

"कळते," मी म्हणालो. "नका घेऊ." मुंगीताई ओढ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी वही काढली, पान उघडलं आणि नोंदीवर काट मारायला पेन टेकवलं.

"थांबा!" उसासाने वही ओढून घेतली. "माझी नोंद आहे. ठसे होते ना? मी पाहिले ना? मग ते कसे खोडता? दिसलं तेवढं लिहायचं, तुम्हीच म्हणता. फक्त प्राणी चुकलाय."

"पेन द्या," तिने हात पुढे केला. मी दिलं. आत्या "नवी पँट!" म्हणेपर्यंत ती चिखलातच मांडी घालून बसलीसुद्धा होती. 'पाणमांजर' या शब्दावर तिने पट्टीने एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, जशी मी शिकवली होती तशी. आणि बराच वेळ, जीभ दातांत धरून, लिहीत राहिली. मग 'तपासले'मधल्या माझ्या सहीवर तशीच रेघ मारून शेजारी स्वतःचं नाव घातलं आणि वही अधिकारी बाईंना दिली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचून दाखवली.

"'ठसे चार. पाय एकच, उजवा, प्लास्टरचा. प्राणी: शिक्षक, पूर्ण वाढलेला. संख्या: एक. शेरा: खरं सांगतो, पण पाच आठवडे लागतात.'"

घारबाईंनी तोंडावर हात धरला. मुंगीताईंनी धरला नाही. मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही. नाक मात्र गळत होतं. उसासा कुणाकडेच बघत नव्हती. ती वाकून तिथलाच एक दगड उचलत होती, उसासा न टाकता.

अधिकारी बाई पान उलटून मागचं वाचू लागल्या, मग त्याच्या मागचं. पोरांची अक्षरं, पोरांचे शेरे. 'बेडकाचा पाय, एक' असले. बराच वेळ त्या उभ्यानेच वाचत होत्या. मग त्यांनी वही मिटून पिशवीत घातली.

"बाकीच्या अठरा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.