पाच नंबरचा चार्जर

उन्हावर चालणारे म्हणून जे चार्जर विकतात, त्यातले निम्मे उन्हाला ओळखतसुद्धा नाहीत. हे ज्ञान मला लातूरच्या ऑफिसच्या गच्चीवर झालं. आमची कंपनी ठिबक सिंचनाची. नांदेडच्या मेळाव्यात प्रत्येक विक्रेत्याला कंपनीचं नाव छापलेला, खिशात मावणारा सोलर चार्जर भेट द्यायचा होता. तो निवडायचं काम साहेबांनी मला दिलं. "निवड चांगली झाली तर मेळाव्यातच तुम्हाला कायम केल्याचं सांगतो, विशाखा," म्हणाले. तीन वर्षं मी कंत्राटावर घासत होते.

दुकानदार चार्जर विजेवर भरून आणतात आणि ऊन किती ओढतो म्हणून मिरवतात. मी मागवलेले सहाही नमुने आधी पार रिकामे केले, मग दिवसभर गच्चीवर ठेवले. चार ढिम्म. एक जेमतेम. पाच नंबरच्यानं मात्र संध्याकाळी माझा मोबाइल भरून दिला.

पसंत नमुना आमच्याकडे पाकिटात घालून वर नंबराची आणि सहीची चिठ्ठी चिकटवतात, म्हणजे आलेला माल त्याच्याशी ताडून बघता येतो. हे काम खरेदी बघणाऱ्या मन्मथदादाचं. मला ऑफिसात नवी असल्यापासून त्यानंच सगळं शिकवलं होतं. "कंधारची बस चुकंल तुझी," तो म्हणाला. "सही करून जा, पाच नंबर मी टाकतो." मी कोऱ्या चिठ्ठीवर सही केली आणि स्टँडकडे पळाले.

मेळाव्यात चार्जर वाटून झाले. देगलूरचे विक्रेते चंद्रप्पा यांना कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ते उघडलेला चार्जर घेऊन थेट साहेबांपुढे आले.

"हे काय वाटून राहिले, साहेब? काचंखाली वायरच न्हाई की!"

मांडवभर हशा पिकला. साहेबांचं तोंड पडलं. मी मात्र ताठ होते. "पुरवठादारानं माल बदललाय. मालाबरोबर आणलेलं आपलं नमुन्याचं पाकीट फोडा, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पाकीट फोडलं. आत तसलाच, वायर नसलेला चार्जर. चिठ्ठीवर मन्मथदादाच्या अक्षरात दोन नंबर आणि खाली माझी सही.

"पारख तिची होती, साहेब," मन्मथदादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी निस्ती चिठ्ठी डकवली."

मग मी सगळं खरं सांगितलं, कोऱ्या सहीसकट. "मन्मथची चौकशी होईल," साहेब म्हणाले. "पण विशाखा, पारख चुकली असती तर मी पोटात घातलं असतं. कोऱ्या कागदावर सही देणाऱ्याला कायम कसं करू? हा महिना संपला की थांबा."

मन्मथदादानं मला मांडवाबाहेर गाठलं. "दोन नंबर माझ्या मेहुण्याचा, त्याचा माल पडून होता गं. चुकून निवडला म्हणाली असतीस, तर रागावून सोडलं असतं त्यांनी. मला वाटलं, तू सांभाळून घेशील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याचाच मला जास्त संताप आला. केसानं गळा कापून वर हा मलाच समजूत घालायला लावत होता.

"माझीच सही का घेतली?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणी कोरी दिलीच नसती," तो म्हणाला.