विमान जाईस्तोवर

“गच्चीवरनं फुकट दिसतंय विमान. हितं तीन तास उभं राहून का त्याची शेपटी जास्त दिसणार हाय?”

गेनबांनी हे म्हटलं कुणालाच नाही, पण म्हटलं नेमकं सुनेच्या कानाशी. प्रेमलानं “व्हय मामा” एवढंच उत्तर दिलं. सासरे सकाळी सहापासून इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते ते विमानाच्या शेपटीसाठी नव्हे, हे तिला कळत होतं. ‘विमानतळाची नवी इमारत कशी बांधलीय ती बघून येतो’ म्हणाले होते. इमारत झकपक होती, पण त्यांनी मान वर करून एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. डोळे सगळे त्या दारावर, जिथून माणसं सामान ढकलत बाहेर येत होती.

लोहगावातलं त्यांचं घर इथून गाडीनं दहा मिनिटांवर. अकराच्या विमानासाठी मंडळी आठला निघाली. त्यातही प्रेमलाच्या नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, गाडी सवयीनं जुन्या इमारतीकडे नेली. “जन्मल्यापासून हितला हाय मी, मला रस्ता नका शिकवू,” असं म्हणत नेली. तिथून वळून नव्या दाराशी येईपर्यंत कुणी त्याला काही बोललं नाही. आज भांडायला कुणाला सवडच नव्हती. मच्छिंद्रची बहीण हेमा अकरा वर्षांनी येत होती.

तेवढ्यात एक विमान उडालं, आणि चौघंही बोलता बोलता थांबले. ही गावाची खोड. डोक्यावरून विमान गेलं की तोंडातला शब्द तोंडात धरायचा, आवाज ओसरला की तिथूनच पुढे सुरू करायचं. लग्नं अशीच ठरली, भांडणंही अशीच झाली. शेजारी फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली मुलगी फोनवर बोलतच राहिली आणि या चौघांना एकदम काय झालं म्हणून बघत राहिली.

“…तर त्यात पाणी हाय, सांडू नको,” सासूबाईंनी, सोजरबाईंनी, वाक्य पुरं केलं आणि पिशवी प्रेमलाकडे दिली.

पिशवीत पाण्याचा तांब्या होता, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. आणि दुसऱ्या फडक्यात बाजरीची भाकर. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग त्यानं उंबरा ओलांडायचा, हे घरोघरी चालतं. पण ते उंबऱ्यावर. सासूबाईंनी भाकर विमानतळावर का आणली, हे प्रेमलानं विचारलं नाही. हेमानं विमाननगरात हॉटेल घेतलं होतं. ‘थोडं ऑफिसचं काम आहे गं वहिनी’ असं तिनं फोनवर सांगितलं होतं. नर्सला सुट्टीत कसलं ऑफिस, हेही प्रेमलानं विचारलं नव्हतं. न विचारण्यात त्या घराचा हात कुणी धरला नसता.

अकरा वर्षांपूर्वी हेमाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते, पत्रिका अर्ध्या तालुक्यात वाटून झाल्या होत्या, आणि डब्लिनच्या दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं. हेमा म्हणाली, लग्न नको, मी जाते. गेनबा ओट्यावर उभे राहिले. “जा. पण परत ह्या दारात…” म्हणाले आणि वरून विमान आलं. सगळे थांबले. परात हातात धरून उभ्या असलेल्या प्रेमलाला वाटलं, बरं झालं बाई, तेवढ्यात राग उतरेल. आवाज ओसरला. “…पाऊल ठिवायचं न्हाई,” गेनबा म्हणाले.

तेव्हापासून घरात एवढंच बोलायचं, की हेमाला रजा मिळत नाही.

“उतरलं,” मच्छिंद्र फलकाकडे बघत म्हणाला आणि त्यानं तिसऱ्यांदा भांग पाडला.

“कुठं लिवलंय? मला का दिसंना?” सोजरबाई टाचा उंचावून बघायला लागल्या. आखूड केसांची प्रत्येक बाई प्रेमलाला हेमा वाटत होती. दोघींना तर तिनं हातही केला. आणि मग खरी हेमा आली. कानशिलाजवळ पांढरी झालेली, निळ्या जाकिटातली. पण डावा खांदा पुढे काढून चालणं तेच.

मग एकच गलका झाला. आई, किती वाळलीस. तू भरलीस, बरं झालं. ढकलगाडी सोड, मी घेतो. अगं दादा, राहू दे. दिल्लीत जेवलीस का? हेमा वडिलांपुढे वाकली.

“आप्पा.”

“हां,” गेनबा म्हणाले आणि ढकलगाडीकडे बघत राहिले. “चाकं चांगली हायेत.”

“हॉटेलची गाडी येतेय माझी,” हेमा हळूच म्हणाली. “दुपारी येऊन भेटा ना सगळे तिथं.”

सोजरबाईंनी पिशवी ओढून घेतली आणि भाकरीचं फडकं सोडलं. “अशी बाजूला हो, वाटंतनं. हितंच ववाळते. मग जा तुझ्या हाटेलात.”

“बांध ती भाकर,” गेनबा म्हणाले.

सोजरबाईंचा हात तसाच राहिला. “का? पोरीवरनं भाकरतुकडा बी नको?”

“हे काय आपलं दार हाय व्हय?” ते हेमाकडे वळले. “हेमे, मी तुला त्या दिवशी…”

विमान आलं.

सगळे थांबले. अकरा वर्षं डब्लिनला काढलेली हेमासुद्धा, तोंड अर्धवट उघडं ठेवून, तशीच थांबली. ते बघून प्रेमलाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. विमान जाईस्तोवर माणसाला शब्द गिळता येतो, फिरवता येतो, तिनं दोन्ही पाहिलं होतं. ती सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आवाज ओसरला.

“…दारात पाऊल ठिवू नको म्हणालो,” गेनबा म्हणाले. “चुकलं माझं. घरी चल.”